उन्हेऱ्याचं बोलायचं राहिलं

परभा,

तुझ्या पुण्यानुमोदनाला वरसेच्या विहारात मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि मी तुझ्याविषयी सगळं खरं बोललो, एक गोष्ट सोडून. छत्तीस वर्षं आपण एका कंपनीत, एका शिफ्टला, एकाच डिपार्टमेंटमध्ये फिटर म्हणून काढली, ते सांगितलं. तू डब्यातली सुकट माझ्या भाकरीवर ओतायचास आणि वर दम द्यायचास, ‘तुझ्या बायकोला सांगू नको, नायतर ती उद्यापासून तुला नुसतीच भाकरी देईल,’ तेही सांगितलं. लोक हसले. सुलोचना वयनी पांढऱ्या साडीत पुढे बसली होती, तीसुद्धा हसली. मग माझा आवाज बसला. लोकांना वाटलं, जोडीदार गेला म्हणून याचा गळा भरून आला. जोडीदार गेला होताच. पण पुढचं वाक्य ओठापर्यंत येऊन परत फिरलं होतं आणि मला माझाच राग आला होता. मी माइक देऊन टाकला आणि सतरंजीवर जाऊन बसलो.

आता लिहायला बसलोय. कंपनीत लॉगबुक नेहमी तूच लिहायचास, कारण माझं अक्षर वाचून सुपरवायझर म्हणायचा की ह्याला व्हॉल्व्ह दुरुस्त करता येतो पण लिहिता येत नाही. तेव्हा चूकभूल होईल. तू असतास तर पेन काढून घेतलं असतंस.

बोलायचं आहे ते उन्हेऱ्याचं. दोन वर्षांपूर्वीच्या पौषातल्या त्या दिवसाचं.

रिटायर झाल्यावर सहा महिन्यांतच तू घरात बसून वैतागलास. फोनवर म्हणालास, ‘बाळाराम, आपन छत्तीस वर्षं रोह्यात काढली आनि कुड्याची लेणी बघितली नाय. लाज वाटाया पायजे.’ मी म्हटलं, पेन्शनर मंडळाची बस जाते तेव्हा जाऊ. तू भडकलास. ‘पन्नास मानसं, त्यात निम्मी उलटी करनार, निम्मी भजन म्हननार. नको. गाडी करू. तू आनि मी. बायका पन नकोत.’ कुठे कुठे जायचं ते तूच ठरवलंस. सकाळी कुड्याची लेणी, येताना तळ्याजवळ तुझ्या मूळ गावचा विहार, आणि दुपारी पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकायचे. गुडघ्यांचं दुखणं आपल्याला कंपनीने बरोबर बांधून दिलं होतं, तुला डावीकडे, मला उजवीकडे.

मी कासूहून सकाळच्या गाडीने रोह्याला उतरलो. तू स्टेशनबाहेर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा होतास, लग्नाला निघाल्यासारखा. माझ्या हातातली पिशवी बघून विचारलंस, ‘ह्यात काय?’ मी म्हटलं, नारळ, उदबत्ती, हळदकुंकू. तू नुसता मिशीतल्या मिशीत हसलास. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण मला कसं कळणार? आमच्याकडे लेणी म्हणजे पांडवांनी एका रात्रीत कोरलेली देवाची घरं, असंच आई सांगायची. देवाच्या घरी जायचं तर रिकाम्या हाताने कोण जातं? कुड्याला पायऱ्या चढून गेलो, धापा टाकत दगडी हत्ती बघितले, खाली खाडी चकाकत होती. आत भिंतीवर बुद्ध कोरलेला दिसला आणि मी चपला काढून, डोक्यावर रुमाल टाकून, सवयीने कुंकवाची पुडी उघडली. बोट बुडवून त्याच्या कपाळापर्यंत नेलं, तेवढ्यात तू माझं मनगट धरलंस. पाइपरेंच धरावा तसं धरलंस.

‘थांब. त्याला काय लावू नको.’

‘का? देव नाय का?’

‘नाय.’

‘मग कोण?’

‘मानूस. आपल्यासारखा. आपल्यापेक्षा बरा.’

‘मग मागायचं कोणाकडे?’

‘हितं मागायचं नसतं रे.’

‘मग एवढ्या पायऱ्या कशाला चढलो?’ मी म्हटलं. ‘माझा गुडघा गेला ना!’

त्यावर आपली जुंपली. कोणी ऐकायला नव्हतं म्हणून मोकळेपणी भांडलो. तू मला तिथल्या शिलालेखाबद्दल सांगितलंस, की ही लेणी राजाने नाही, साध्या माणसांनी दान देऊन कोरून घेतलीत, त्यात एक फुलमाळी आहे, त्याचं नाव दगडात अजून आहे. ‘आनि आपन?’ म्हणालास. ‘छत्तीस वर्षं लाइन जोडल्या. आपलं नाव कुठं हाय?’ मी म्हटलं, लॉगबुकात. ते तर रद्दीत गेलं, असं म्हणून तू एवढ्या मोठ्याने हसलास की आत घुमलं. शेवटी नारळाचं काय करायचं हा प्रश्न उरला. तू तो बाहेर पायरीच्या कडेवर आपटून फोडलास, खिशातून गूळ काढलास (म्हणजे तुला आधीच ठाऊक होतं मी नारळ आणणार!) आणि आपण खाडीकडे तोंड करून अख्खा नारळ खाल्ला. मागायचं नाही तर देव कशाला, हा माझा प्रश्न तू तसाच ठेवलास. ‘परत येऊ तेव्हा सांगीन,’ म्हणालास. परत गेलो नाही. मला अजून उत्तर ठाऊक नाही, आणि आता विचारायला दुसरं कोणी नाही. तुझ्या मुलाला विचारलं तर तो पुस्तक देईल. मला पुस्तक नको, तुझ्याशी भांडण हवं आहे.

मग तुझ्या गावचा विहार. छोटा, पत्र्याचा, पण लख्ख. तू आधी झाडू घेतलास आणि झाडायला लागलास. मी मूर्तीपुढे मांडी घालून बसलो, ह्या वेळी हात मांडीवरच ठेवले. तू वंदना म्हटलीस. शिफ्टमध्ये शिव्या घालणारा तुझा आवाज इतका मऊ येऊ शकतो, हे मला छत्तीस वर्षांत कळलं नव्हतं. नंतर तुझी म्हातारी चुलती पाणी घेऊन आली. तांब्या पुढे केला आणि हात मधेच थांबवून म्हणाली, ‘आमच्या घरचं पानी चालतं ना, बाबा?’

मी तांब्या तिच्या हातून घेतला, तोंडाला लावला, एका दमात संपवला आणि म्हटलं, ‘आजी, अजून एक आणा.’ ती खूश झाली. तू खूश झालास की नाही ते मी बघितलं नाही, कारण मी स्वतःवरच खूश होतो. गाडीत बसल्यावर कितीतरी वेळ मला आपण फार मोठा माणूस असल्यासारखं वाटत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, परभा. कारण पुढच्या तीन तासांत त्या मोठ्या माणसाचं काय झालं, ते तू बघितलंस.

कोलाडवरून वाकणला आलो, पालीकडे वळलो. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताच्या खुंटांमध्ये वाल हिरवागार उभा होता. तू म्हणालास, वालाला शेंगा धरल्या की पोपटी लावू, मडक्यात शेंगा भाजू, माझ्या परसात, भांबुर्ड्याचा पाला तू आण. मी हो म्हटलं. उन्हेऱ्याला पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. गर्दी नव्हती. पुरुषांच्या कुंडाशी दोन-चार जण, पाण्यावर वाफ, आणि तो गंधकाचा वास. ‘आपल्या प्लांटचा वास येतोय रे!’ म्हणून तू भराभर कपडे काढलेस, पंचा गुंडाळलास आणि आत उतरलास. गळ्यापर्यंत पाण्यात बसलास आणि ‘आ हा हा हा’ असा आवाज काढलास. मीही शर्टाची दोन बटणं काढली होती. खरंच काढली होती. तिसऱ्या बटणावर हात असताना मागून हाक आली.

‘कोन, बाळाराम का रं?’

आमच्या भावकीतले नारायणनाना. ऐंशीच्या पुढचे. सुना-नातवंडांबरोबर टेम्पोने पालीच्या गणपतीला आले होते आणि बायका तिकडच्या कुंडावर गेल्या म्हणून हे पायरीवर एकटे बसले होते. आमच्या गावात कोणाच्या लग्नाला कोणी जायचं, कोणाच्या मयताला कोणी खांदा द्यायचा, हे नानांना विचारल्याशिवाय होत नाही.

‘नाना, तुम्ही कुठं इकडं?’

‘देवाला आलो व्हतो. संगट कोन तुझ्या?’

आणि मी म्हटलं, ‘कंपनीतला हाय.’

नाव नाही सांगितलं. परभा म्हणून नाही, माझा मित्र म्हणून नाही. कंपनीतला. जसा कंपनीतला पंखा, कंपनीतलं कुलूप.

‘कुठला?’ नानांनी विचारलं.

‘रोह्याचा.’

‘रोह्याचा म्हंजे कुठला?’

मी तिसऱ्या बटणाशी खेळत राहिलो. तू चार हातांवर पाण्यात होतास. तुला सगळं ऐकू जात होतं, कुंडावर आवाज लांब जातो. तू पाण्यातून हात वर काढलास आणि हसत म्हणालास, ‘जयभीम, नाना! मी परभाकर. ह्याच्या जोडीला फिटर व्हतो.’ मग माझ्याकडे वळून, ‘उतर रे बाळाराम, पानी लय बेस हाय.’

मी काढलेली दोन बटणं परत लावली. ‘नको,’ म्हटलं, ‘मला बीपी हाय. डॉक्टरने गरम पानी नको सांगितलंय.’

कुठला डॉक्टर, आणि कुठला बीपी?

तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. टाकीत उतरायचं काम आलं की आपला नियम ठरलेला होता, एकाने आत जायचं, दुसऱ्याने दोर धरून मॅनहोलवर उभं राहायचं, आणि आतला बाहेर येईपर्यंत बाहेरच्याने जागा सोडायची नाही. आत अंधार असायचा, पण वर बघितलं की गोल उजेडात तुझं तोंड दिसायचं आणि माझी भीती जायची. त्या दिवशी तू तसाच खालून वर बघत होतास. मी जागेवरच उभा होतो, हातात तुझा टॉवेल आणि तुझा चष्मा. पण मी तिथं नव्हतो.

तू म्हणालास, ‘मंग नको उतरू. सांभाळ.’

आता पुढचं ऐक. म्हणजे तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ऐक. नाना उठले. मला वाटलं, तोंड फिरवून निघाले. मनात म्हटलं, बघ, मी बरोबर होतो. नानांनी धोतर सोडलं, पंचा नेसला, काठी माझ्या हातात दिली आणि एक एक पायरी चाचपत पाण्यात उतरले. तुझ्या शेजारी जाऊन बसले. ‘परभाकर, तुझं गुडघं कवापासून दुखतात रं?’ असं विचारलं. तू सांगितलंस. मग त्यांनी त्यांचं सांगितलं. अर्धा तास तुम्ही दोघं गुडघे, पाठ आणि निरगुडीचा पाला ह्यांच्यावर बोलत बसलात, आणि मी काठावर उभा, एका हातात काठी, एका हातात चष्मा, शर्टाची सगळी बटणं लावलेला.

तेव्हाही मला उतरता आलं असतं. पण उतरलो असतो तर बीपीचं काय सांगितलं असतं? एक खोटं झाकायला मी दुसऱ्यांदा काठावर राहिलो. नाना बाहेर येताना मला म्हणाले, ‘तुझा जोडीदार चांगला हाय.’ त्यांच्या तोंडून तो शब्द आला, माझ्या तोंडून आला नव्हता.

परत येताना वाकणपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतास. मग विचारलंस, ‘किती असतो रे बीपी?’

‘दीडशे,’ मी म्हटलं.

‘जास्त हाय.’

कासूच्या फाट्यावर मला सोडलंस. गाडीतून हात केलास. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी पेणला जाऊन खरंच बीपी तपासला. मनात नवस केल्यासारखं म्हणत होतो, असू दे रे, थोडा तरी असू दे. एकशे वीस-ऐंशी. डॉक्टर म्हणाला, ‘काका, तरुणासारखा आहे.’ निरोगी निघाल्याचं एवढं वाईट वाटलेला माणूस त्याने दुसरा बघितला नसेल.

तेव्हापासून आपण फोनवर बोलायचो ते आठव. दर रविवारी सकाळी. हवापाणी, मुलं, पेन्शनर मंडळींपैकी कोण आजारी, सगळं झालं की तू हमखास विचारायचास, ‘बीपी काय म्हनतो?’ आणि मी म्हणायचो, ‘बरा हाय.’ मग थोडा वेळ तिकडून काहीच नाही. मग तू ‘चल ठेवतो’ म्हणायचास. मला वाटायचं, टोमणा मारतोय. लेकाचा विसरत नाही, असं वाटून मला रागही यायचा. बघ, चूक माझी आणि राग तुझ्यावर! एकदा तुझ्या परसात पोपटी लावली होती, मडकं पालथं, भोवती जाळ, तू काठीने निखारे सारत होतास. आपण दोघंच होतो. मी म्हटलं, ‘परभा, एक बोलायचं व्हतं.’ तू काठी खाली ठेवलीस आणि पूर्ण माझ्याकडे वळून बसलास. इतका नीट ऐकायला बसलास की मी घाबरलो आणि विचारलं, ‘पाला पुरला का?’ तू म्हणालास, ‘पुरला.’ मग काठी परत उचललीस.

असंच मी ढकलत राहिलो. घाई काय, रविवार येतच राहणार होते.

तू गेल्यापासूनचे रविवार कसे जातात सांगू? सकाळी नऊला मी फोन चार्जिंगवरून काढून ओटीवर येऊन बसतो. बायको काही म्हणत नाही, चहा ठेवून जाते. घर भरलेलं आहे, नातवंडं धुडगूस घालतात, शेजारी येतात-जातात. पण माझ्याशी भांडायला कोणी नाही. गावात मला सगळे बाळारामशेठ नाहीतर अण्णा म्हणतात. एकेरीत शिवी घालणारा माणूस गेला की आपण म्हातारे झालो, हे मला ह्या महिन्यात समजलं. एकट्याने टाकीत सोडल्यासारखं झालंय आणि वर तोंड दिसत नाही.

काल राहवलं नाही. दुपारच्या गाडीने रोह्याला गेलो, रिक्षाने वरसेला. वयनी पडवीत वाल निवडत बसली होती. पाणी दिलं तिने. मी म्हटलं, ‘वयनी, परभाला एक सांगायचं राहिलं. तुम्हाला सांगतो.’ आणि सांगितलं. नाना, बटणं, बीपी, सगळं. खाली बघून सांगितलं. तिचा हात सुपात चालूच होता.

माझं संपल्यावर ती म्हणाली, ‘मला म्हायती हाय, भावजी.’

‘परभाने सांगितलं?’

‘त्याच दिवशी. घरी आले नि जेवायला बसले. म्हनाले, त्याला बीपीबिपी काय नाय गो. एका डब्यात जेवलो, मला ठाव नसंल?’

‘चिडला होता?’

‘चिडले नायत. जेवले नायत पन.’

तिने सूप बाजूला ठेवलं.

‘मंग तुमचा फोन यायचा ना ऐतवारी, तवा वाजत असायचा आनि हे मला म्हनायचे, आज बोलंल बघ. तुम्ही बोलावं म्हनून तर इचारायचे, बीपीचं. फोन ठेवला की जरा बसून राहायचे. मंग म्हनायचे, असू दे, पुढच्या ऐतवारी बोलंल.’

‘दोन वर्षं?’

‘दोन वर्षं. शेवटच्या ऐतवारी पन म्हनाले.’ मग ती म्हणाली, ‘आता मला सांगून काय उपयोग, भावजी? त्यांना सांगायचं व्हतं.’ रागाने नाही म्हणाली. तसं असतं तर बरं झालं असतं.

तर बोलतो, परभा. मला बीपी नव्हता. नानांचं भय होतं म्हणावं, तर नाना तुझ्या शेजारी जाऊन बसले, तेव्हा तेही खरं नाही. मला तुझी लाज वाटली. माझ्या माणसांसमोर तू माझा मित्र आहेस, ह्याची लाज वाटली. छत्तीस वर्षं तुझ्या डब्यात जेवून वाटली. तू ते पाण्यात बसून बघितलंस, घरी जाऊन उपाशी राहिलास, आणि तरी दर रविवारी माझा फोन उचललास.